नवे अलॉय, जुने कोन

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या मशीनवर सगळे आकडे हिरवे दिसले की काम झालं, असं आपल्याकडे बहुतेक जण धरून चालतात. नवीन अलॉय रिम बसवल्यावर माझ्या गाडीच्या कागदावरही सगळं हिरवंच होतं. तरी गाडी डावीकडे जायची, स्टेअरिंग किंचित उजवीकडे ओढून धरावं लागायचं, आणि चौघं बसलेली असताना स्पीडब्रेकरवरून उतरलं की पुढच्या डाव्या चाकापाशी ‘खर्र’ असा आवाज यायचा. रामटेकला जाताना मनसरच्या अलीकडे बाबांनी विचारलंच, “काय घासून राहिलं रे?” त्या आवाजाचा माग काढताना चाक, कोन आणि मडगार्ड यांचं एकमेकांशी काय नातं असतं ते मला नीट कळलं. नवीन अलॉय घेणाऱ्याला ते आधीच माहीत असावं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

गाडी होंडाची सेडान. मूळची रिम १५ इंची, साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५, टायर १७५/६५ आर १५ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचात). नवीन अलॉय १६ इंची, साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ३८, टायर २०५/५० आर १६. टायरच्या उंचीचा हिशोब जुळत होता. जुन्याचा व्यास ६०८.५ मिमी, नव्याचा ६११.४. फरक अर्ध्या टक्क्याचा, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि गाडीची उंचीही जवळपास तीच राहते. लोड इंडेक्स ८४ वरून ८७ वर गेला, म्हणजे एका टायरची वजन पेलायची मर्यादा ५०० किलोवरून ५४५ किलो झाली. इथवरचं गणित दुकानातही करून देतात. रुंदीचं गणित मात्र फारसं कोणी करत नाही, आणि घासणं बहुतेक वेळा रुंदीतूनच येतं.

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी सपाट बाजू यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो आकडा रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ अक्षरांपुढे कोरलेला असतो. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. ४५ चे ३८ झाले म्हणजे चाक ७ मिमी बाहेर आलं. टायर ३० मिमीनं रुंद झालं, त्यातले १५ बाहेर आणि १५ आत गेले. एकूण हिशोब असा की टायरची बाहेरची भिंत पूर्वीपेक्षा सुमारे २२ मिमी बाहेर आली आणि आतली भिंत सुमारे ८ मिमी आत सरकली. बाहेर मडगार्डची कड, आत शॉकअपचा नळा, या दोघांच्या मधल्या जागेत हे सगळं बसवायचं होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण दुकानात उलटं सांगितलं जातं. “नवीन रिम लावली की अलाइनमेंट बिघडते” हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. कॅम्बर (चाकाचा माथा आत-बाहेर झुकणं), कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) हे कोन सस्पेन्शनमधून ठरतात. शॉकअप, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) जागच्या जागी असतील तर रिम बदलल्यानं हे कोन बदलत नाहीत. बदलतं ते त्या कोनांचं फळ. अरुंद आणि उंच भिंतीचं टायर कोनातली थोडी चूक पोटात घेतं. रुंद आणि आखूड भिंतीचं टायर तीच चूक लगेच स्टेअरिंगवर दाखवतं. माझ्या गाडीत कोनांचा दोष आधीपासून होता, नव्या चाकांनी तो उघडा पाडला.

दुसरा बदल स्क्रब रेडियसचा. स्टेअरिंग फिरवल्यावर पुढचं चाक एका तिरप्या रेषेभोवती वळतं. ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर जिथे टेकेल तो बिंदू, आणि टायर जिथे जमिनीला टेकतं त्याचा मध्य, या दोहोंतलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. चाक ७ मिमी बाहेर आलं की टायरचा मध्यही तेवढाच बाहेर येतो आणि रेषा होती तिथेच राहते. मग एकाच चाकाखाली खड्डा किंवा साचलेलं पाणी आलं की झटका हातापर्यंत पोचतो. नागपुरात याचा अनुभव रोज येतो. सिमेंट रस्ते झाले, पण कडेचे गट्टू बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या पातळीला नाहीत. बाजूला घेताना डावी चाकं त्या सांध्यावरून उतरतात आणि स्टेअरिंग हातात वळवळतं. हा परिणाम अलाइनमेंटनं जात नाही, तो ऑफसेटबरोबर आलेला असतो. म्हणून रिम निवडताना नक्षी आणि रंगाच्या आधी ऑफसेट विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मूळ ऑफसेटपासून पाच-सात मिमीच्या पलीकडे मी तरी जाणार नाही.

अमरावती रोडवर वाडीच्या बाजूला ट्रकांची वर्दळ असल्यानं टायर आणि सस्पेन्शनची कामं करणारे बरेच आहेत. एका ओळखीच्या ट्रकमालकानं तिथल्या एका जुन्या अलाइनमेंटवाल्या काकांकडे पाठवलं. काकांनी हिरवा कागद पाहिला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, “मशीन बरोबर सांगून राहिलं भाऊ. पण मशीनले मडगार्ड दिसत नाही ना.” मग गाडीची किल्ली घेऊन ते स्वतः एक चक्कर मारून आले. आल्यावर पहिला प्रश्न अलाइनमेंटचा नव्हताच. “ऐंशीच्या पुढे थरथर येते ना? हब रिंग टाकली आहे काय?”

टाकलेली नव्हती. माझ्या गाडीच्या हबचा मधला उंचवटा ५६.१ मिमी व्यासाचा आहे. बाजारातल्या रिमचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालते. माझ्या रिमचं भोक ७३.१ मिमी होतं. बोल्टांचं वर्तुळ ४ गुणिले १००, ते बरोबर जुळत होतं, म्हणून चाक बसलं. पण मधली फट मोकळी राहिल्यामुळे चाक हबच्या मधोमध आणण्याचं काम एकट्या नटांवर पडलं होतं. ही फट भरणारी कडी म्हणजे हब रिंग. बाहेरून ७३.१ आणि आतून ५६.१. वस्तू अगदी स्वस्त आहे, पण ती नसेल तर बॅलन्सिंग कितीही काटेकोर करा, चाक केसभर बाजूला बसतं आणि वेगात थरथरतं. मशीनवर बॅलन्सिंग करताना चाक मधल्या भोकावर धरलेलं असतं, गाडीवर ते नटांवर धरलेलं असतं. म्हणून मशीन शून्य दाखवतं आणि स्टेअरिंग हलतच राहतं.

नट काढल्यावर दुसरी गोष्ट निघाली, आणि ही जास्त गंभीर आहे. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोलाकार असतं. बाहेरच्या अलॉयमध्ये नटाची बैठक साधारणपणे ६० अंशांची, शंकूच्या आकाराची असते. गोल बुडाचा नट शंकूच्या बैठकीत गेला की पूर्ण टेकत नाही, एका बारीक रेषेवर टेकतो. घट्ट लागतो, पण चालून चालून सैल होऊ शकतो. रिम बसवणाऱ्यानं माझे जुनेच नट परत लावले होते. काकांनी एक नट हातात घेऊन बैठकीवर फिरवून दाखवला, चकाकलेली बारीक रेष स्पष्ट दिसत होती. “हे पहिले बदला जी. घासणं नंतर पाहू.” शंकूच्या बुडाचे, १२ गुणिले १.५ आट्याचे नट आणले, हब रिंगा टाकल्या. नट गननं न कसता टॉर्क पान्यानं १०८ न्यूटन मीटरवर, समोरासमोरच्या क्रमानं कसले. थरथर तिथेच गेली. होंडा, टोयोटा, मारुती, गाडी कुठलीही असो, नवीन रिमसोबत नटाचं बूड आणि आटा दोन्ही जुळवून घ्या. या बाबतीत तडजोड नको.

त्यानंतर गाडी जॅकवर. काकांनी पुढचं चाक आधी वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खेळ नव्हता, म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट ठीक होते. डाव्या चाकाला आडवा बारीक खेळ होता. टाय रॉड एंड गेलेला निघाला. तो सैल असताना केलेलं अलाइनमेंट गाडी दुकानाच्या दारातून बाहेर पडेपर्यंत टिकतं. कागद हिरवा आणि गाडी वाकडी, याचं एक कारण इथे सापडलं. लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे) टॉर्च लावून पाहिले, ते चांगले होते.

मशीनवर घेण्याच्या तयारीला वेळ गेला, आणि हा वेळ देणारे कमी असतात. चारही टायरमध्ये थंड असतानाची हवा. डिकीतलं माझं सामान बाहेर, पण स्टेपनी आत. पुढची चाकं फिरत्या ताटल्यांच्या मधोमध. गाडी दोन-तीनदा दाबून सोडली, म्हणजे शॉकअप नेहमीच्या उंचीवर बसतात. मशीनचे मापक रिमला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या नख्यांना प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या, नाहीतर अलॉयच्या कडेला ओरखडे जातात. अलॉयची कड खोल असेल तर क्लॅम्प तिरपा बसतो आणि मग मापच चुकतं. त्यावर उपाय म्हणून गाडी थोडी मागे-पुढे लोटून मशीनला रिमची वळवळ वजा करायला लावतात. घाईत ही पायरी गाळली जाते. तुमच्या गाडीच्या वेळी गाडी लोटली नाही तर विचारा.

पडद्यावर जे आलं ते असं. पुढचा डावा कॅम्बर अधिक २५ मिनिटं, उजवा उणे १० मिनिटं. अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटं, मशीन त्यातच दाखवतं. कॅस्टर दोन्ही बाजूंना जवळपास सारखा. कॅम्बरचे दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर हिरव्या पट्ट्यात होते. कारखाना मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सूट देतो आणि दोन्ही त्या सुटीत बसत होते. पण एकमेकांशी त्यांचा फरक ३५ मिनिटांचा. चाकाचा माथा बाहेर झुकलेला असेल तर कॅम्बर अधिक, आत झुकलेला असेल तर उणे. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिक, त्या बाजूला ओढते. अर्ध्या अंशाच्या पुढे फरक गेला की ते हाताला कळायला लागतं. डावीकडे ओढणं आणि डाव्याच मडगार्डला घासणं ही दोन दुखणी नव्हती. डाव्या चाकाचा माथा बाहेर झुकलेला होता, त्यातून दोन्ही आली होती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हिरवा पट्टा कारखान्यानं मूळ रिम आणि मूळ टायर धरून आखलेला असतो. २२ मिमी बाहेर आलेल्या टायरला त्या पट्ट्यातला कुठला आकडा चालेल, हे मशीन सांगू शकत नाही. ते माणसानं ठरवायचं असतं. “पट्ट्यात आहे” याच्या ऐवजी “दोन्ही बाजू सारख्या आहेत का, आणि या चाकाला हा आकडा योग्य आहे का” असं विचारायला हवं.

अडचण अशी की माझ्या गाडीत पुढचा कॅम्बर बदलायची सोयच कारखान्यानं दिलेली नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाच्या) बऱ्याच गाड्यांत पुढे फक्त टो बदलता येतो. यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे स्ट्रटच्या खालच्या कंसातली भोकं ग्राइंडरनं लांबट करणं. स्वस्त, झटपट आणि वाईट. घासून मोठं केलेलं भोक बोल्टला पकडून ठेवत नाही, खड्ड्यात आदळल्यावर चाक सरकतं. काकांनी ती वाट सांगताच नाही म्हटलं. दुसरी वाट कॅम्बर बोल्टची. हा मूळ बोल्टपेक्षा बारीक दांड्याचा आणि मध्ये एका बाजूला फुगवटा असलेला, कडक पोलादाचा बोल्ट असतो. स्ट्रट आणि नकल (हबला धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी तो घालतात. फिरवला की फुगवटा नकलला आत किंवा बाहेर ढकलतो आणि कॅम्बर साधारण सव्वा-दीड अंशापर्यंत हलतो. दांडा बारीक असल्यानं तो सांगितलेल्या टॉर्कवरच कसायचा आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासायचा.

आता किती? मी घरून उत्साहानं उणे दीड अंश म्हणून गेलो होतो, म्हणजे घासणं पक्कं जाईल. काकांनी स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर आणि शॉकअप यांच्यामध्ये पट्टी घातली. कॅम्बर बोल्टनं चाक झुकतं ते स्ट्रटच्या तुलनेत झुकतं. माथा मडगार्डपासून दूर जातो, पण तेवढाच शॉकअपच्या जवळ येतो. आत ८ मिमी आधीच गेले होते. बाहेर मिळवलेला प्रत्येक मिलिमीटर आतून द्यावा लागणार होता. (स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या कॅम्बर प्लेटमध्ये असं होत नाही, कारण तिथे स्ट्रट आणि चाक एकत्र झुकतात. पण रोजच्या गाडीला तो खर्च आणि खडखडाट मला नको होता.)

गणित सोपं आहे. चाकाच्या मध्यापासून माथ्यापर्यंत साधारण ३०५ मिमी. एक अंश झुकवलं की माथा सुमारे सव्वापाच मिमी सरकतो. दोन्ही बाजूंना उणे ४५ मिनिटं ठरवली. म्हणजे डावं चाक ७० मिनिटं झुकलं आणि माथा ६ मिमीच्या थोडा वर आत आला, उजवं ३५ मिनिटं झुकलं आणि ३ मिमी आत आलं. आतली फट मोजून समाधान झाल्यावरच बोल्ट कसले. उणे ४५ नं टायरची आतली कड जास्त झिजेल का, ही शंका मलाही होती. एवढ्या कॅम्बरनं होणारी झीज किरकोळ असते. टायर खातो तो टो.

टोचं काम शेवटी करायचं, आणि ते कॅम्बरनंतरच. नकल झुकली की टाय रॉडचं टोकही जागेवरून हलतं आणि टो बदलतो. आमच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा टो लाल झाला. आधी टो आणि मग कॅम्बर असं कोणी केलं तर पहिलं काम फुकट जातं. टोची चूक किती महाग पडते ते मी आकड्यात मांडून पाहिलं. एखादं चाक चालण्याच्या दिशेपासून १० मिनिटं वळलेलं असेल, तर भूमितीप्रमाणे ते दर किलोमीटरला सुमारे २.९ मीटर आडवं खरडत जातं. १० मिनिटं म्हणजे १६ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम १.२ मिमीचा फरक. डोळ्यांना दिसतही नाही.

स्टेअरिंग सरळ करून कुलूप लावलं. टाय रॉडचे चेकनट सैल केले, रॅकच्या (टाय रॉड जिथून निघतात त्या स्टेअरिंगच्या भागाच्या) रबरी बुटाची पकडही सैल केली, म्हणजे रॉड फिरताना बूट पिळला जात नाही. मग दोन्ही रॉड थोडे थोडे फिरवत दोन्ही बाजूंचा टो सारखा, बेरीज शून्याच्या जवळ आणली. पुढच्या चाकांवर ओढ असलेल्या गाडीत स्क्रब रेडियस बाहेरच्या बाजूचा असेल, तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाकं किंचित आत वळू पाहतात. आमचा ऑफसेट तोच परिणाम वाढवणारा, म्हणून जास्तीचा टो-इन द्यायचा नाही असं ठरलं. एकाच बाजूचा रॉड फिरवून बेरीज जुळवली की कागद हिरवा होतो आणि स्टेअरिंग वाकडं राहतं. तुमचं स्टेअरिंग सरळ रस्त्यावर तिरपं दिसत असेल तर बहुधा असंच केलेलं असतं.

मागे बोल्ट फिरवून बदलता येईल असं काही नव्हतं. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई आहे, त्यात ना कॅम्बर बदलता येतो ना टो. हब आणि बीममध्ये पातळ शिम घालून थोडं जुळवता येतं, पण तशी गरज नव्हती. मागचा डावा टो १४ मिनिटं आत, उजवा ४ मिनिटं आत. फरकाच्या निम्मा, म्हणजे ५ मिनिटांचा थ्रस्ट अँगल. मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेऐवजी थोडी उजवीकडे बघत होती. पुढचा टो या थ्रस्ट रेषेला धरून जुळवला की गाडी सरळ चालते आणि स्टेअरिंगही सरळ राहतं. म्हणून मागे काहीच बदलता येत नसलं तरी चारही चाकांचं माप घ्यायचं. दोनच चाकांचं करून स्वस्तात देणारे आहेत, ते घेऊ नका.

मागच्या मडगार्डच्या जागेचा प्रश्न अलाइनमेंटनं सुटणारा नव्हता. मागच्या सीटवर सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोण्या ठेवल्या, मडगार्डच्या आतल्या कडेला ओला खडू फासला आणि दुकानाच्या मागच्या कच्च्या रस्त्यावरून फिरून आलो. खडू एकाच जागी पुसला गेला, लायनरच्या (मडगार्डच्या आतल्या आवरणाच्या) स्क्रूपाशी. चपट्या डोक्याचा स्क्रू लावला, पत्र्याची कड हीट गननं रंग गरम करून हळूहळू आत दुमडली. थंड पत्रा वाकवला तर रंगाला तडे जातात आणि पावसाळ्यात तिथून गंज धरतो. पुढच्या मडगार्डचा खडू पुसलाच नाही.

बाहेर पडल्यावर पहिला फरक जाणवला तो हातांना. वाडीपासून आउटर रिंग रोडकडे जाताना स्टेअरिंग सैल धरलं तरी गाडी आपल्या रेषेत जात होती. रस्त्याच्या कडेकडे जो हलका उतार असतो त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी हळूहळू डावीकडे सरकते, तो दोष नाही. मधल्या लेनमध्ये जाऊन पाहायचं आणि एकाच रस्त्यावर दोन्ही दिशांना पाहायचं, मग रस्त्याचं काय आणि गाडीचं काय ते वेगळं होतं. पूर्ण वळवून यू टर्न घेतला, आतून आवाज नाही. पुढच्या फेरीत आईबाबांना घेऊन मनसरला गेलो, स्पीडब्रेकर आला आणि गेला.

खरी परीक्षा मात्र समृद्धी महामार्गावर झाली. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होणारा हा काँक्रीटचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा, आणि मैलोन्‌मैल सरळ. शहरात न जाणवणारा टोचा दोष इथे अर्ध्या तासात कळतो, टायर तापतं. वैदर्भीय उन्हाळ्यात तर हवेचा हिशोबही लक्षात ठेवायला हवा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयनं वाढते. पहाटे भरलेली हवा मेच्या दुपारी कितीतरी वर गेलेली असते. म्हणून हवा थंड टायरमध्येच मोजायची, आणि गरम टायरमधली वाढलेली हवा सोडून द्यायची नाही. नाहीतर टायर थंड झाल्यावर कमी भरतं, आणि कमी हवेचं टायर वेगात जास्त तापतं. थांब्यावर चारही टायरवर हात ठेवून पाहिला, पुढची दोन्ही सारखीच गरम होती. टो जुळला आहे याची ही साधी खूण आहे.

नवीन रिम आणि नवीन नट बसल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत टॉर्क पुन्हा तपासायचा असतो, तो तपासला. दोन नट किंचित घेतले. काही हजार किलोमीटर झाल्यावर तळहात टायरच्या नक्षीवरून आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो चुकलेला असतो. दोन्हीकडून सारखंच लागलं. खोलीमापानं आत ६.५ मिमी, बाहेर ६.६. कॅम्बर बोल्टवर मार्करनं मारलेली रेषही जागची हलली नव्हती.

आता कुठल्याही दुकानात अलाइनमेंटला गेलो की आधीच सांगतो: पुढचा कॅम्बर दोन्हीकडे उणे ४५ ठेवा, टोची बेरीज शून्य, पट्टा कुठलाही रंग दाखवो. काकांचा कागद ग्लव्ह बॉक्समध्ये असतो, तो दाखवला की वाद होत नाही.

आणि एक गोष्ट टूलकिटमध्ये ठेवली आहे, ती तुम्हीही ठेवा: मूळचे चार नट. स्टेपनी अजून जुन्या १५ इंची रिमवरच आहे आणि तिची बैठक गोल आहे. नवे शंकूचे नट तिला लावायचे नाहीत. पंक्चर झालं तर स्टेपनी जुन्या नटांवर बसवायची, वेग कमी ठेवायचा, आणि अलॉय परत चढवताना हब रिंग जागेवर आहे ना ते पाहायचं. पंक्चरवाल्याकडे चाक गेलं की ती रिंग हमखास जमिनीवर पडते आणि तिथेच राहते.